कंट्रोल-एंटर दाबायच्या आधी

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

आज दिवसभर डोक्यात एकच वाक्य फिरतंय. "ही गोळी जेवणासोबत घ्या." मी तपासत होते त्या औषधाच्या पत्रकात मूळ इंग्रजीत होतं, जेवणासोबत घेऊ नका. मशीननं भाषांतर करताना 'नका' खाल्लं, आणि उरलेलं वाक्य इतकं सरळ, इतकं गुळगुळीत मराठी होतं की माझी नजर कुठे अडलीच नाही, वाक्य कन्फर्म करणारं कंट्रोल-एंटर दाबलं आणि पुढच्या सेगमेंटवर, म्हणजे मजकुराच्या पुढच्या तुकड्यावर गेले. संध्याकाळी रिव्ह्यू करणाऱ्या बाईंचा मेल आला. ओरडा नाही काही नाही, सेगमेंटचा नंबर आणि खाली तीन शब्द, 'नकार राहिला आहे'. पत्रक अजून छापायला गेलं नव्हतं.

पोटात गोळा आला तो आईमुळे. आई नऊ वर्षं थायरॉइडची गोळी घेते, उठल्या उठल्या, उपाशीपोटी, आणि मग चहासाठी घड्याळाकडे बघत बसते. औषधाच्या खोक्यातला कागद ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचते. मी तिला फोनवर एवढंच विचारलं की कागदात चुकीचं छापलेलं असलं तर तुला कळेल का गं. ती म्हणाली, "मला कसं कळणार बाळा, छापणाऱ्याला कळायला हवं ना."

छापणाऱ्याला म्हणजे मला.

चौदा वर्षं भाषांतराचं काम करतेय. आधी समोर कोरी चौकट असायची, मी वाक्य वाचायचे, तोंडातल्या तोंडात म्हणून बघायचे, मग टाइप करायचे. आता चौकट मशीनच्या भाषांतरानं भरलेलीच येते, मी ते फक्त तपासून दुरुस्त करायचं, त्याला पोस्ट-एडिटिंग म्हणतात, आणि शब्दामागचा रेट पूर्वीच्या निम्म्याहून कमी. मशीनचं मराठी पूर्वी वाकडंतिकडं असायचं, लिंगं चुकलेली, क्रियापदं भलतीकडे, त्यामुळे चूक लांबूनच दिसायची. 2017 मध्ये गूगल ट्रान्सलेटचं मराठी अख्खं वाक्य एकत्र घेऊन भाषांतर करणाऱ्या न्यूरल पद्धतीवर गेलं, नंतर एकेक करून सगळीच टूल्स सुधारत गेली, आणि आता एआयचं मराठी कधीकधी माझ्यापेक्षा सफाईदार असतं. सफाई वाढली तशी चूक आत लपायला लागली. अडखळणारं वाक्य मी दोनदा वाचते, न अडखळणारं एकदाच.

लॉकडाऊनमध्ये एपिक्टेटस हा रोमन काळातला तत्त्वज्ञ वाचायला घेतला होता, तेव्हापासून तो सोबत आहे. जन्मानं गुलाम, पायानं अधू, पुढे मोकळा झाला तर डोमिशियन बादशहानं तत्त्वज्ञांना रोममधून हाकललं त्यात हाही गेला, मग ग्रीसमध्ये निकोपोलिसला शाळा काढली. स्वतः एक ओळ लिहिली नाही, आरियन नावाच्या विद्यार्थ्यानं लिहून ठेवलं म्हणून आपल्याला मिळालं. त्याचं पहिलंच सांगणं सगळ्यांना माहीत असतं, काही गोष्टी आपल्या हातात आहेत, काही नाहीत. मी दोन वर्षं त्याच्यावरच तग धरला. रेट माझ्या हातात नाही, एआय माझ्या हातात नाही, उद्या काम राहील का तेही नाही, मग कशाला जीव जाळायचा. शांत वाटायचं. आज मेल वाचल्यावर लक्षात आलं की ती शांती नव्हतीच, थकवा होता, आणि मी थकव्याला तत्त्वज्ञानाचं नाव देऊन बसले होते. कारण मी यादीचा अर्धाच भाग धरला. हातात नाही ते सोडलं, पण हातात आहे ते काय, तिकडे बघितलंच नाही.

त्याच्या हिशेबानं आपल्या हातात उरतं ते फारच थोडं, पण त्यात एक गोष्ट अशी आहे की जी कुणी काढून घेऊ शकत नाही, ती म्हणजे संमती. समोर काहीतरी येतं, खरं असल्यासारखं दिसतं, आणि आपण आतून 'हो' म्हणतो. तो म्हणतो की त्या दिसण्याला सांगावं, जरा थांब, तू कोण आहेस, कशाबद्दल आहेस ते बघू दे मला. मी हे किती वेळा वाचलं असेल, राग आणि भीतीला लावून बघितलं, पण दिवसातून आठशे वेळा दाबते त्या बटणाला कधी लावलं नाही! कन्फर्म म्हणजे दुसरं काय आहे, संमतीच ना. वाक्य मशीनचं असेल, 'हो' माझं असतं.

सेनेका या रोमन तत्त्वज्ञाच्या एका पत्रात साबिनस नावाच्या श्रीमंत माणसाची गोष्ट आहे. स्मरणशक्ती इतकी कमी की होमरच्या काव्यातल्या अकिलीस, युलिसिस या वीरांची नावंसुद्धा विसरायचा, पण विद्वान म्हणवून घ्यायची हौस. म्हणून त्यानं गुलाम विकत घेतले, एकाला ग्रीक कवी होमर पाठ, एकाला हेसिऑड, नऊ ग्रीक गीतकवींसाठी नऊ जण, एकेकाला एक लाख रोमन नाणी मोजून. जेवायला पाहुणे आले की हे लोक पायाशी उभे, तो विचारून विचारून ओळी म्हणायचा आणि तरी शब्दाच्या मध्येच अडायचा. त्याचं ठाम मत, माझ्या घरात कुणालाही जे येतं ते मला येतं. एका पाहुण्यानं त्याला सुचवलं की आता कुस्ती खेळा. तो म्हणाला, मी तर आजारी माणूस. पाहुणा म्हणाला, असं कसं, तुमच्याकडे एवढे धडधाकट गुलाम आहेत की.

पूर्वी या गोष्टीवर हसू यायचं, आज आलं नाही. ती अकरा माणसं होती, त्यांनी रात्री जागून पाठ केलं असणार आणि नाव साबिनसचं. मशीनलाही मराठी आलं ते माणसांनीच केलेल्या भाषांतरांवरून, माझ्यासारख्या कुणाकुणाची वाक्यं त्यात विरघळलेली असतील. त्याचं श्रेय मिळेल न मिळेल. पण सेनेका तिथेच म्हणतो की चांगलं मन उसनं मिळत नाही आणि विकतही मिळत नाही, आणि मला वाटतं 'नका' गेलं हे कळायला तेच लागतं. आईला तो कागद वाचून काय होईल हे मशीनला वाटत नाही. मला वाटतं.

सेनेका रात्री दिवा हलवल्यावर, बायको गप्प झाल्यावर, अख्खा दिवस स्वतःपुढे मांडायचा, काही लपवायचा नाही, आणि शेवटी स्वतःला सांगायचा, पुन्हा असं करू नकोस, आज माफ केलं. ती माफी मला अजून जमत नाहीये, सेगमेंटचा नंबर डोळ्यासमोरून हलत नाही.

एजन्सीला मेल केलाय. औषधांच्या फाइल्स शब्दाच्या रेटनं नाही, तासाच्या रेटनं घेईन, कारण मला प्रत्येक ओळ आधी इंग्रजीत वाचायची आहे आणि मगच मशीनचं मराठी उघडायचं आहे. उत्तर काय येईल माहीत नाही, कदाचित काम दुसऱ्या कुणाला जाईल, घरभाड्याचा आकडा डोक्यात ठेवूनच सेंड दाबलं.

त्याच फाइलमधले 212 सेगमेंट बाकी आहेत. मी कन्फर्म केलेले 340 पुन्हा उघडून ठेवलेत, सकाळी पहिल्यापासून, 'नका' आणि 'नाही' शोधत, मोठ्यानं वाचत. आईला फोन साडेसातला, तिच्या चहाच्या आधी.