समुद्र शेजारी असताना आतून का जातो

तुम्ही विचारलेत म्हणून एकदाच आणि सविस्तर लिहिते. दर शरदात आम्ही नवरा-बायको आमच्या शिडाच्या बोटीने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरातून दक्षिणेकडे जातो, आणि तेही खुल्या अटलांटिकमधून नव्हे, तर किनाऱ्याच्या आतून जाणाऱ्या 'इंट्राकोस्टल वॉटरवे' या जलमार्गाने. "एवढा समुद्र शेजारी असताना त्या कालव्यातून कशाला जाता?" हा प्रश्न पुण्याचे भाऊजी विचारतात, रत्नागिरीची मामेबहीण विचारते, चेसापीकच्या धक्क्यावरचे शिडाच्या बोटीवाले शेजारी विचारतात, आणि यंदापासून आमचे जावईही त्यांत सामील झाले आहेत. सूर मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो. बोटीवाल्यांना वाटते की आम्ही घाबरट आहोत. नातेवाइकांना वाटते की आतून जाणे म्हणजे बिनधोक जाणे, मग त्या तयारीचा एवढा बडेजाव कशासाठी. बोट का घेतली, या वयात हे कसले खूळ, विमानाने तीन तासांत पोहोचता येत नाही का, या प्रश्नांची उत्तरे तुम्हाला पाठ झाली असतील. ती पुन्हा देत नाही.

आधी समुद्राबद्दल. व्हर्जिनियातल्या नॉरफॉकहून बाहेर पडून दक्षिणेला वळले की आडवे येते ते हॅटरसचे भूशिर. तिथे गल्फ स्ट्रीम हा उत्तरेकडे वाहणारा प्रवाह किनाऱ्याच्या फार जवळून जातो, आणि शरदात थंडीच्या प्रत्येक झोताबरोबर उत्तरेचा वारा सुटला की वारा आणि प्रवाह समोरासमोर येऊन लाटा आखूड आणि उभ्या होतात. भूशिरापासून समुद्रात दूरवर वाळूचे बदलते दांडे पसरले आहेत. पुढे केप फिअरला पुन्हा तसेच दांडे. या पट्ट्याला खलाशी अटलांटिकचे स्मशान म्हणतात ते उगाच नव्हे. १९४२ मध्ये याच किनाऱ्याबाहेर जर्मन पाणबुड्यांनी जहाजांमागून जहाजे बुडवली, तेव्हा आतला मार्ग किती मोलाचा आहे हे अमेरिकेला नव्याने कळले. सरकारने जी वाट खोदली, रुंद केली आणि जिच्यावर आजही पैसा ओतते, ती वाट वापरली म्हणून आम्हालाच भित्रे का ठरवावे?

आणि निघायचे कधी, हेही आमच्या मर्जीवर नसते. चक्रीवादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत मानला जातो, आणि पुष्कळ विमा कंपन्या साधारण १ नोव्हेंबरपर्यंत ठरावीक अक्षांशाच्या खाली बोट नेऊ देत नाहीत. त्यापेक्षा लवकर गेलो तर विमा जातो, उशिरा गेलो तर सकाळी डेकवर बर्फाचा थर मिळतो. म्हणून शेकडो बोटी एकाच सुमारास नॉरफॉकच्या शून्य मैलावरून, म्हणजे जिथून या मार्गाचे मैल मोजतात तिथून, निघतात. तिथून मायामी सुमारे १,०९० मैल. हे मैल जमिनीवरचे आहेत, सागरी नव्हेत. पहिल्या वर्षी आमची सगळी गणिते या फरकाने चुकत राहिली.

आता "कालव्या"बद्दल. खोदलेले कालवे त्यात थोडेच आहेत. बाकी नद्या, खाड्या, सामुद्रधुन्या आणि अल्बेमार्लसारखे उथळ, चिडके जलाशय. सुरुवातीलाच डिस्मल स्वॅम्प या दलदलीतला कालवा लागतो. त्याचे पाणी झाडांच्या सालीतल्या टॅनिनमुळे बिनदुधाच्या चहाच्या रंगाचे असते आणि बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, त्याच्या तपकिरी मिशा उमटतात. दोन्ही काठांची झाडे पिवळी-तांबडी झालेली, पाणी निश्चल, त्यामुळे सगळेजण फोटो काढतात, आम्हीही काढतो. पण १७९३ मध्ये सुरू झालेले आणि १८०५ मध्ये वाहतुकीला खुले झालेले ते खोदकाम मालकांकडून भाड्याने आणलेल्या गुलामांनी त्या दलदलीत उभे राहून हातांनी केले, आणि पळून आलेली माणसे त्याच दलदलीत पिढ्यान्पिढ्या लपून राहिली, हे माहीत असल्यावर फोटोखाली "स्वर्ग" असे लिहायला माझा हात धजत नाही.

बाकी प्रवास म्हणजे हिशोब. बहुतेक ठिकाणी शिडे गुंडाळलेलीच असतात आणि इंजिन चालू असते, ही टीका मला मान्य आहे. न उघडणाऱ्या पक्क्या पुलांखाली पासष्ट फूट उंची मिळते, मात्र मायामीच्या ज्युलिया टटल पुलाखाली छप्पन्नच. पुलाच्या खांबावरच्या पट्टीवर आकडा स्वच्छ वाचता येत असला, तरी डोलकाठीच्या टोकाकडे मान वर करून पाहिले की ती धडकणारच असे दर वेळी वाटते. उघडणाऱ्या पुलांचा छळ निराळा. नॉर्थ कॅरोलायनात फिगर एट बेटाचा पूल दर अर्ध्या तासाने उघडतो आणि पाच मैलांवरचा राइट्सव्हिल बीचचा पूल तासाला एकदाच. आमच्या बोटीला पाच मैलांना पाऊण तास लागतो. आठ वाजताचा पहिला पूल साधला तर ठीक; साडेआठचा मिळाला, तर दुसऱ्या पुलापुढे प्रवाहात पाऊण तास गोल फिरत बसावे लागते, आणि मागे-पुढे तशाच फिरणाऱ्या दहा बोटी असतात. यात कसला आला आराम?

पण तुम्हाला सांगायचे आहे ते जॉर्जियाचे. नॉर्थ कॅरोलायनातल्या पामलिकोच्या पाण्यात भरती-ओहोटी जवळजवळ नसते, वाराच पाणी हलवतो. जॉर्जियात मात्र भरती-ओहोटीत सात ते नऊ फुटांचा फरक पडतो. मार्गाची खोली कागदावर बारा फूट आहे. गाळ काढायचे काम लष्कराच्या अभियंता दलाकडे आहे, पण निधी देताना व्यापारी मालाची वाहतूक किती होते ते पाहिले जाते, आणि जॉर्जियाच्या या खाजणांतून मालवाहू तराफे फारसे जात नाहीत. डोबॉय साउंड आणि अल्टामाहा साउंड या दोन रुंद खाड्यांच्या दरम्यान लागणारी लिटल मड रिव्हर नावाप्रमाणेच गाळाची आहे. आमच्या बोटीला पाच फूट पाणी लागते.

त्या दिवशी भरती अकराला होती. तीनच्या सुमारास मी सुकाणूवर होते. ओहोटीत तिथे शिरू नये हे मला माहीत नव्हते असे समजू नका. दुसऱ्या दिवशी वायव्येचा जोराचा वारा येणार होता आणि त्याआधी अल्टामाहाचे उघडे पाणी ओलांडायचे, असा आम्ही दोघांनी मिळून निर्णय घेतला होता. मार्ग दाखवणाऱ्या लाल खुणेवरचा पिवळा त्रिकोण उजवीकडे ठेवून मी जिथे असायला हवे तिथेच होते, सर्वेक्षणाचा ताजा नकाशा समोर होता, आणि हे मी आजही सोडायला तयार नाही. खोलीचे यंत्र आठ म्हणाले, मग साडेसहा, मग सहा. साडेपाच दिसले तेव्हा मी वेग कमी केलेला होता. धक्का असा बसलाच नाही. काठावरचे पिवळे गवत सरकायचे थांबले, एवढेच. उलटा गिअर टाकला तर पंख्याने चॉकलेटी गाळ उसळला आणि थोड्याच वेळात इंजिन तापल्याची घंटा वाजू लागली, कारण थंड करायला आत घेतलेल्या पाण्याबरोबर गाळही आला होता. ओढून काढणाऱ्या बोटीवाल्याने रेडिओवर शांतपणे विचारले, "माणसे ठीक आहेत का?" मग म्हणाला, "मी येईपर्यंत मलाच पाणी उरणार नाही, भरतीची वाट पाहा."

दुसरा नांगर डिंगीतून, म्हणजे बरोबरच्या छोट्या होडीतून, खोल बाजूला नेऊन टाकायला हवा होता, म्हणजे पाणी वाढताना बोट आणखी गाळात ढकलली जाणार नाही. इथे आमचे भांडण झाले. नवऱ्याची बायपास झालेली होती. तरी वल्ही त्यालाच मारायची होती, कारण आजवर तोच मारत आला होता. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. मी डिंगीत उतरले, त्याने नांगर आणि साखळी माझ्या पायांशी ठेवली आणि मी परत येईपर्यंत तो कठडा धरून उभा राहिला, एक शब्द बोलला नाही.

मग बोट कलंडू लागली, अगदी सावकाश. आम्ही उताराच्या बाजूच्या खिडक्या घट्ट लावल्या, पाण्याच्या तोट्या बंद केल्या, डिझेलच्या टाकीच्या हवेच्या नळीत चिंधी कोंबली. तांदळाचा डबा फळीवरून सुटून आडवा झाला आणि दाणे कलत्या बाजूच्या कोपऱ्यात जमले. केबिनमधून जायचे तर एक पाय जमिनीवर आणि दुसरा भिंतीवर ठेवावा लागत होता. सहाच्या आत अंधार पडला, चिलटे आली, आणि मनात एकच गोष्ट घोळत होती: पाणी परत येईल तेव्हा बोट आधी उठेल की कलत्या बाजूने पाणी आधी आत शिरेल? गाळ मऊ असेल तर ती उठते, हे पुस्तकात वाचलेले होते.

त्याच वेळी मुलीचा फोन आला. तिचा रोजचा प्रश्न, "आई, तुम्ही आतच आहात ना गं?"

"हो गं, आतच आहोत," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर नवरा हसून म्हणाला, "खोटं नाही बोललीस." मला हसू आले नाही. साडेसातच्या सुमारास बोट थरथरली, आधी थोडी, मग जोरात, आणि सरळ झाली. थेंबभर पाणी आत आले नाही. आम्ही विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या रहाटावर, नांगराचा दोर गुंडाळत तिला खोल पाण्यात ओढले आणि तिथेच रात्र काढली.

काही वर्षांपूर्वी मीच नातेवाइकांना लांबलचक पत्र पाठवले होते आणि त्यात लिहिले होते, "आतल्या मार्गात धोका कसला? उभे राहिले तर पाणी गळ्यापर्यंतही येत नाही." ते पत्र भाऊजींनी जपून ठेवले आहे आणि संधी मिळेल तेव्हा ते मला वाचून दाखवतात. त्या बाईशी आज माझे पटणार नाही. उथळ पाणी हाच बोटीचा धोका असतो; खोल समुद्रात आपटायला काही नसते. चार्ल्सटनच्या जहाजांच्या खोल वाटेने बाहेर पडून फ्लोरिडाच्या सीमेवरच्या सेंट मेरीजच्या मुखाने आत यावे, म्हणजे एका रात्रीत सगळा जॉर्जिया टळतो, असे बोटीवाले शेजारी सांगतात, आणि वारा बरा असेल तर ते बरोबरच सांगतात.

आम्ही एकदा तसे गेलोही. समुद्र चांगला होता, चांदणे होते, अशा रात्रीबद्दल लोक भरभरून बोलतात. दोघांपैकी एकाने झोपायचे आणि एकाने तीन तास जागायचे. पहाटे तीनला माझी पाळी म्हणून मी वर आले तर सुकाणूपाशी कोणी नव्हते. तो पुढे डोलकाठीशी वाकून अडकलेला दोर सोडवत होता. कमरेचा पट्टा तारेला लावलेला होता, सगळे रीतसर होते. तो मला दिसेपर्यंत अर्धे मिनिट गेले असेल. त्यानंतर माझ्या पाळीला मला जागे करावे लागले नाही, कारण मी झोपतच नाही. आतून जाताना दिवसभर दोघेही जागे असतो, एक सुकाणूवर आणि एक नकाशावर. पुलांवरून, गाळावरून, चहा कोणी करायचा यावरून वाद घालत जातो, आणि अंधार पडला की नांगर टाकून एकाच वेळी झोपतो. हे शेजाऱ्यांना सांगितले तर ते म्हणतील, "म्हणजे भीतीच की." म्हणोत.

नवऱ्याला हे कारण पटत नाही. त्याच्या मते त्या दिवशी लिटल मड रिव्हरमध्ये जे झाले ते बाहेर कधीच झाले नसते, आणि माझ्या मते त्या दिवशी जे झाले त्यात सर्वांत वाईट म्हणजे तांदूळ सांडले. यंदाही त्याने चार्ल्सटन ते सेंट मेरीजचा बाहेरचा मार्ग नकाशावर आखून ठेवला आहे आणि मी जॉर्जियाच्या भरतीच्या वेळा वहीत उतरवून घेतल्या आहेत. कोणती वाट धरायची ते चार्ल्सटनला हवामानाचा अंदाज पाहून ठरेल. तोवर निदान भाऊजींनी तरी विचारू नये.