घाऊक मासळी बाजारात कुठे उभे राहावे

घाऊक मासळी बाजारात पहाटे काढलेले माझे पहिल्या खेपेचे जवळजवळ सगळे फोटो मी पुसून टाकले. ते हललेले नव्हते आणि फार अंधारेही नव्हते. पण बहुतेकांत कोणी ना कोणी अंग चोरून, मला चुकवून बाजूने जाताना दिसत होते. मी वाटेतच उभी होते आणि सगळा बाजार मला वळसा घालून चालला होता, हे फोटो घरी मोठे करून पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले.

तेव्हापासून पहिला अर्धा तास मी कॅमेरा पिशवीतून बाहेर काढत नाही. माल गाडीतून उतरून कुठून आत येतो, वजन कुठे होते, बोली कुठे लागते आणि विकला गेलेला माल कोणत्या दाराने बाहेर पडतो, एवढे नीट पाहून घेते. ओल्या फरशीवर भरलेली हातगाडी ओढणाऱ्या माणसाला मनात आले म्हणून जागच्या जागी थांबता येत नाही, त्यामुळे त्याची वाट आपण ओळखायची आणि सोडायची असते. रिकाम्या क्रेटची उतरंड किंवा एखादा खांब पाठीशी घेऊन वळणाच्या आतल्या बाजूला जागा मिळाली तर फार उत्तम, कारण वळणावर गाडीचा वेग आपोआप कमी होतो, ओढणाऱ्याचे अंग एका बाजूला झुकते आणि क्षणभर त्याचा चेहरा पूर्ण उजेडात येतो. अशा जागी पाऊण तास उभे राहिल्यावर जे मिळते, ते बाजारभर हिंडून मला कधीच मिळालेले नाही.

उजेडाचेही गणित जागेशीच बांधलेले आहे. आतले दिवे डोळ्यांना स्थिर वाटले तरी विजेचा प्रवाह ५० हर्ट्‌झचा असेल तिथे नळीचे दिवे आणि बरेचसे एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होत असतात, म्हणून शटर (कॅमेऱ्यात उजेड घेणारी झडप) फार जलद ठेवले की फोटोत आडवे पट्टे उमटतात. १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवल्यास हा दोष बहुधा टळतो. प्रवाह ६० हर्ट्‌झचा असेल तर १/१२० किंवा १/६०. मी एफ/२ ची (भरपूर उजेड आत घेणारी) लेन्स, १/१०० सेकंद आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० यांवर सुरुवात करते आणि रॉ फाइलच (रंग नंतर सुधारता येणारी मूळ नोंद) घेते, कारण छपराखालचा पिवळा उजेड आणि दारातून येणारा निळा उजेड यांचा मेळ जागेवर बसत नाही. सूर्य क्षितिजाखाली सुमारे ६ अंशांवर आला की नागरी संधिप्रकाश सुरू होतो, आणि त्या थोड्या वेळात आतला नि बाहेरचा उजेड जवळजवळ समान होतो. तेवढ्या वेळापुरती माझी जागा दाराजवळ ठरलेली असते.

आता चकाकीविषयी, कारण मासळीचा फोटो तिथेच जमतो किंवा बिघडतो. ओल्या फरशीवरची चकाकी पोलरायझर फिल्टरने कमी करता येते, तशीच माशांवरचीही होईल, अशा समजुतीने मी बरेच दिवस तो लावून जात होते. फरशी शांत व्हायची, मासे मात्र तसेच लखलखत राहायचे. कारण पुढे कळले. पाण्यासारख्या पृष्ठभागावरून तिरका परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित होतो, म्हणजे त्याच्या लहरी बहुतांशी एकाच दिशेत कंप पावतात, आणि पोलरायझर तेवढाच अडवू शकतो. रुपेरी माशांच्या त्वचेत ग्वानीन या चमकदार द्रव्याच्या स्फटिकांचे थरावर थर असतात. त्यांतील सार्डिन आणि हेरिंग या माशांच्या थरांत दोन प्रकारचे स्फटिक असल्यामुळे परावर्तित प्रकाश ध्रुवित होत नाही, असे ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले. पाण्यात शिकाऱ्याच्या नजरेला न पडण्यासाठी माशाला ही योजना उपयोगी पडत असावी, असे ते मानतात. मला त्यातून एवढे उमगले की माशावरची चकाकी पुसायची नसते, ती कुठे पडावी ते ठरवायचे असते. दोन पावले डावीकडे सरकले किंवा गुडघ्यावर बसले की तोच पांढरा झगमगाट पाठीवरच्या एका बारीक रेषेत आवरतो आणि खवले, कल्ल्याची कड, स्वच्छ काळा डोळा हे सगळे दिसू लागते. डोळ्याचा फोटो मात्र आधी घ्यावा. वेळ जाईल तसा तो खोल जातो आणि दुधाळ होतो.

फ्लॅश मी वापरत नाही. ओल्या माशावर त्याचा पांढरा डाग पडतो हे खरेच, पण त्याहून मोठे कारण असे की काट्यावरचा आकडा वाचणाऱ्या किंवा बोलीकडे लक्ष लावून उभ्या असलेल्या माणसाचे डोळे त्याने दिपतात. टोकियोचा त्सुकिजी येथील घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला हलला. तिथे पाहुण्यांना ट्यूनाचा लिलाव वरच्या मजल्यावरच्या काचेआडून पाहता येतो. काचेमुळे फोटोचे नुकसान होतेच, तरी मला ती व्यवस्था रास्त वाटते, कारण खालची जागा काम करणाऱ्यांची आहे.

लिलावात सगळ्यांचे कॅमेरे बोली पुकारणाऱ्याकडे वळतात. मी घेणाऱ्यांकडे पाहते. वाढवावे की सोडावे हा विचार त्यांच्या भुवयांत आणि बोटांत आधी दिसतो. कोणी तोंड फिरवले तर कॅमेरा खाली घेते. हिशेबाच्या वह्या आणि त्यांतले आकडे चौकटीत येऊ देत नाही, कारण एकाचा भाव दुसऱ्याला कळणे हे त्यांच्या पोटावर येऊ शकते. फोटो पाहायला कोणी मागितला तर लगेच दाखवते. पुढच्या खेपेला ती माणसे स्वतःहून थोडी सरकून जागा करून देतात.

परतल्यावर कॅमेरा आधी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावा आणि मगच कोरड्या फडक्याने. कारण वाळलेल्या मिठाचे कण कोरडेच घासले तर लेन्सवर ओरखडे उमटू शकतात.