तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला पहिल्या पाचात का घेत नाही?

"सर, आमच्या पोराला पहिल्या पाचात काहून घेत नाही?"

बावीस वर्षं झाली नागपुरात सिमेंटच्या कोर्टवर बास्केटबॉल शिकवतोय. रिंगच्या जाळ्या दर पावसाळ्यात कुजल्या, बदलल्या. प्रश्न तोच: सामना सुरू करणाऱ्या पाच जणांत आमचं पोर का नाही. आई गेटाशी स्कूटर लावून विचारते, बाबा ऑफिसातून फोन करतात. एक आजोबा तर दहावीच्या निकालाचे पेढे घेऊन आले आणि मी पेढा तोंडात टाकल्यावर विचारते झाले. सगळ्यांना मी एकच उत्तर देतो: टोनी कुकोच. आता पालकांत त्याची थट्टा चालते. "सरांना विचारू नका, क्रोएशियाला घेऊन जातील." चला तर, यावेळी पूर्ण नेतो. एरवी जे गाळतो तेही सांगतो.

मायकल जॉर्डन कोण, अमेरिकेच्या एनबीए लीगमधला त्याचा शिकागो बुल्स संघ काय, हे तुम्हाला माहीत आहे. कुकोच शिकागोत आला तेव्हा कुणी नवशिका नव्हता. स्प्लिटचा पोरगा, डावखुरा, जवळजवळ सात फूट उंच आणि तरी चेंडू गार्डसारखा खेळवणारा. स्प्लिटच्याच क्लबकडून १९८९, १९९० आणि १९९१, ओळीनं तीन वर्षं युरोपचा चषक. मग इटलीत त्रेव्हिझोला गेला आणि १९९३ साली संघ अंतिम सामना हरला तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हाच ठरला. त्याला लाडानं 'वेटर' म्हणायचे. आपल्याकडचा शब्द वाढपी. पंगतीत कुणाच्या पानात काय संपलंय ते न विचारता कळणारा.

हा माणूस १९९४-९५ ला बुल्सच्या पहिल्या पाचात असायचा. पुढच्या वर्षी त्याच जागेवर रॉडमन आला आणि कुकोच बेंचवर गेला. त्या मोसमात बुल्सनी ८२ पैकी ७२ सामने जिंकले. बेंचवरून उठून हा सामन्याला सरासरी १३ गुण करत होता. राखीव खेळाडूंमधल्या सर्वोत्तमाचा पुरस्कार त्याला मिळाला आणि वर विजेतेपद. युरोपचा राजा बसतो, मग तुमच्या चिरंजीवांना काय झालं? इतकं बोलून मी शिट्टी वाजवायचो आणि कोर्टवर परत जायचो.

हे उत्तर मला फार आवडायचं. खरं तर कॉलेजात असताना मी कुकोचला 'वरणभात' म्हणायचो. बार्सिलोना ऑलिम्पिकचा अमेरिका-क्रोएशिया सामना आम्ही कुणाकडून तरी आलेल्या कॅसेटवर पाहिला होता. बुल्सचेच पिपेन आणि जॉर्डन आळीपाळीनं त्याच्या अंगावर. पिपेनचा राग असा, की त्याच्या कराराचं घोडं अडलेलं आणि बुल्सचा मॅनेजर जेरी क्राउस या न आलेल्या क्रोएशियनसाठी पैसे राखून बसलेला. कुकोचला श्वास घेऊ दिला नाही. चार गुण. अमेरिका १०३, क्रोएशिया ७०. आम्ही पेट्रोविचवाले, क्रोएशियाच्याच दुसऱ्या स्टारचे भक्त. कुकोचच्या जागी ड्राझेन पेट्रोविच असता तर कोपर मारून निघाला असता, असं आम्ही ठरवून टाकलं. हाच वरणभात पुढे त्याच ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात त्याच पिपेनसमोर १६ गुण करून गेला, हे मी सोयीनं विसरलो. चाळिशीनंतर आठवलं, कारण तोवर माझ्याकडे बेंचवर बसवायला पोरं होती.

आता माझ्या एका पोट्ट्याबद्दल. नाव लिहीत नाही. डावखुरा, उंच, पास असा द्यायचा की घेणाऱ्याचं लक्ष नसेल तर नाक फुटावं. मी त्याला दुसऱ्या क्वार्टरमध्ये उतरवायचो, कारण तो आला की आमचा दमलेला खेळ पुन्हा सुरू व्हायचा. हे कारण खरं होतं. दुसरंही एक होतं: सुरुवातीला घातला तर तो माझं ऐकत नसे. कुठलं कारण किती, ते आजही मला नीट वेगळं करता येत नाही.

आंतरशालेय स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला फोनवर एक क्लिप दाखवली. १३ मे १९९४, शिकागो स्टेडियम, न्यूयॉर्कविरुद्ध तिसरा सामना. जॉर्डन निवृत्त झालेला. मालिकेत बुल्स ०-२ मागे. १०२-१०२, घड्याळात १.८ सेकंद. टाइमआउटमध्ये बुल्सचा प्रशिक्षक फिल जॅक्सन शेवटचा फटका कुकोचला देतो आणि चेंडू आत टाकायचं काम पिपेनला. मायर्स चेंडू आत टाकतो, कुकोच तो घेतो, वळतो, अँथनी मेसन अंगावर, फटका, जाळी. १०४-१०२.

"पाहिलंस? वर्षभर संधीची वाट पाहिली म्हणून त्या क्षणी हात थरथरला नाही."

त्यानं क्लिप मागे नेली. पुन्हा मागे नेली. स्क्रीनवर बोट ठेवलं.

"सर, हा का बसलाय?"

बेंचच्या टोकाला पिपेन होता. जॉर्डन गेल्यावर वर्षभर संघ ज्यानं ओढला, तो. शेवटचा फटका आपल्याला नाही म्हटल्यावर तो उठलाच नाही. मी म्हणालो, "चूक केली त्यानं. नंतर संघाची माफीही मागितली." पोट्टा काही बोलला नाही. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना. दोन गुणांनी मागे, अकरा सेकंद, चेंडू आमचा. मी बेंचकडे वळून त्याचं नाव घेतलं. वॉर्मअपचं जॅकेट त्यानं गळ्यापर्यंत चेन लावून घातलेलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि चेन आणखी थोडी वर ओढली. ती वर जायला जागाच नव्हती. "मी नाही जात, सर." आवाज चढलेला नव्हता. शेजारचं पोरगं आपल्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागलं. पंच शिट्टी तोंडात धरून माझ्याकडे बघत होते. मी दुसऱ्याला पाठवलं. चेंडू रिंगवर आपटून बाहेर आला. हरलो.

ड्रेसिंग रूममध्ये मी त्याला सगळ्यांसमोर बोललो. जे बोललो ते इथे लिहीत नाही. सोमवारी तो आला नाही, त्यानंतर कधीच आला नाही. माझी बाजू आहे: संघाला असं वाऱ्यावर सोडायचं नसतं, आणि ते मी आजही म्हणेन. पण त्याच्या हातात मीच ती क्लिप दिली होती. कुकोच बघ म्हणून.

त्याचे वडील महिन्यानं आले. भांडायला नाही. वाचून आले होते, हे जास्त वाईट. म्हणाले, "सर, तुमच्या क्रोएशियात आणखी एक होता ना? तो बसला का?"

पेट्रोविच. माझाच पेट्रोविच! युरोपात पन्नास-साठ गुण सहज करणारा माणूस एनबीएत पोर्टलंडला गेला, तिथे ड्रेक्सलर आणि पोर्टरच्या मागे बसला. दुसऱ्या वर्षी सामन्याला सात-आठ मिनिटं. त्यानं धीर धरला नाही, मला सोडा म्हणाला. जानेवारी १९९१ मध्ये न्यू जर्सीत गेला आणि १९९२-९३ ला सरासरी २२ गुण करून लीगमधल्या पहिल्या पंधरांत बसला. तो थांबला असता तर हे दिसलंच नसतं, कारण ७ जून १९९३ रोजी जर्मनीतल्या हायवेवर अपघातात तो गेला. अठ्ठावीस वर्षांचा. थांबायला त्याच्याकडे वेळच नव्हता आणि हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "पेट्रोविच पेट्रोविच होता."

"आणि माझा मुलगा कोण आहे, हे तुम्ही कधी ठरवलंत?"

मी त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले.

तेव्हापासून कुकोचचं उत्तर मी देतो, पण आवाज जरा खाली ठेवून. तो बेंचवर बसला म्हणून मोठा झाला, की मोठा होता म्हणून बसूनही टिकला? २०२१ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हा त्याच्या नावावर युरोपचे तीन चषक आणि बुल्सची तीन विजेतेपदं होती. त्यातली पहिली तीन बेंचवर बसून आलेली नव्हती. हे मी पालकांना सांगत नसे.

क्लिप अजून दाखवतो. फक्त आता चेंडू आत येतो तिथपासून लावतो, पिपेन दिसू नये म्हणून. गेल्या महिन्यात बारा वर्षांच्या एका पोरीनं ती पाहिली आणि विचारलं, "सर, हा बाहेरून चेंडू टाकणारा कोण?"

पीट मायर्स, मी म्हणालो. जॉर्डन गेल्यावर त्याच्या जागी खेळायला मिळालेला माणूस. पिपेन उठला नाही म्हणून त्याला पाठवलं.

"पास भारी दिलाय," ती म्हणाली, आणि बाहेरून चेंडू कसा टाकायचा ते दाखवा म्हणाली. तो संपूर्ण तास आम्ही तेच केलं. संध्याकाळी गेटाशी तिची आई स्कूटर लावून उभी होती.