वडिलांच्या रक्तातले सतरा रीड्स

आमच्या जनुकीय तपासणीच्या प्रयोगशाळेत मुलीच्या एका जीनमध्ये बदल सापडला होता; तो वडिलांत आहे का हे पाहताना सॉफ्टवेअरने त्यांचं सॅम्पल निगेटिव्ह ठरवून पुढे ढकललं होतं. आईचंही तसंच. मुलीतला बदल आई-वडिलांकडून आलेला नाही, नव्यानेच उद्भवला आहे, असं अहवालात लिहायचं आणि सही करायची, एवढंच काम उरलं होतं. पण सहीआधी कच्चा डेटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची मला खोड आहे. सहकारी त्यावरून चिडवतात.

मुलगी अडीच वर्षांची. सहाव्या महिन्यात लस दिली, त्याच रात्री ताप चढला आणि शरीराच्या एकाच बाजूला आकडी सुरू झाली. अर्धा तास उलटला तरी ती थांबेना. पुढे प्रत्येक तापात आकडी, कधी डावीकडे, कधी उजवीकडे; गरम पाण्याने आंघोळ घातली तरी आकडी. एमआरआय स्वच्छ, सुरुवातीचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, तोही नॉर्मल. आधी कुठेतरी कार्बामाझेपिन हे फिटचं औषध सुरू झालं होतं आणि त्यावर झटके वाढले होते. लहान मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टला एवढी हकिगत पुरते. ड्रावे सिंड्रोम, म्हणजे तान्हेपणी सुरू होणारा फिटचा एक गंभीर जनुकीय आजार, अशी शंका लिहूनच रक्त आमच्याकडे आलं. शार्लोट ड्रावे या फ्रेंच डॉक्टरांनी १९७८ साली या आजाराचं वर्णन केलं. त्यामागे बहुतेक वेळा एससीएन१ए हा जीन असतो, हे २००१ मध्ये कळलं.

मुलीत तो बदल सापडला होता. या जीनवरून नॅव्ह १.१ हे प्रथिन बनतं, सुमारे २००९ अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. ते चेतापेशीच्या आवरणात बसतं, त्यातून सोडियम आत शिरतो आणि पेशी संदेश सोडते. मुलीच्या जीनच्या दोन प्रतींपैकी एकीत मधेच ‘थांबा’ असा संकेत तयार झाला होता, म्हणजे कामाचं प्रथिन निम्मंच. मग सोडियम कमी शिरल्यावर मेंदू मंदावायला हवा, फिट कशी येते? विद्यार्थी हे हमखास विचारतात, आणि विचारायलाच हवं. विल्यम कॅटरॉल यांच्या गटाने २००६ मध्ये उंदरांवर काम करून दाखवलं की या प्रथिनाच्या कमतरतेचा फटका मुख्यतः गाबा हे शांतवणारं रसायन स्रवून इतर पेशींना आवरणाऱ्या पेशींना बसतो. गाडीचं इंजिन ठीक, ब्रेक सैल. त्यामुळे सोडियमची वाट आणखी अडवणारी कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही एरवी उपयोगी औषधं इथे सहसा उलटतात. मला त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट जास्त विलक्षण वाटते: हुबेहूब तोच दोष एका जातीच्या उंदरांत जीवघेणा ठरला, दुसऱ्या जातीत बराच सौम्य. बाकीचे जीन कोणते सोबतीला आहेत, यावर इतकं अवलंबून असतं.

तर, वडिलांचा डेटा. त्या जागेवर एकूण १२४ रीड्स, म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे, होते आणि त्यांतल्या १७ मध्ये मुलीसारखंच बदललेलं अक्षर होतं. जन्मतः मिळालेला बदल असता तर निम्म्याच्या आसपास दिसला असता. एवढं कमी प्रमाण सॉफ्टवेअर गोंगाट, म्हणजे वाचनातली चूक, समजून गाळतं. मी आईचं सॅम्पल उघडलं, शून्य. त्याच खेपेतली इतर सगळी उघडली, त्या जागी सगळीकडे शून्य. गोंगाट असा एकाच माणसाला निवडून येत नाही.

मी न्यूरॉलॉजिस्टना फोन केला. ते म्हणाले, “वडिलांना काहीच नाही, मी स्वतः विचारलंय.” तरी लाळेचं सॅम्पल मागवलं आणि तेवढीच जागा हजारो रीड्स घेऊन पुन्हा वाचली. प्रमाण जवळपास तेच निघालं. वडील मोझेइक होते: ते स्वतः गर्भात असताना एका पेशीत चूक झाली आणि तिच्यापासून वाढलेल्या पेशींतच ती उतरली.

समुपदेशनाला आई-वडील आणि आजी आले. घरात दोष लसीवर आणि लस द्यायला घेऊन गेलेल्या आईवर टाकून झाला होता, हे बसण्याच्या पद्धतीवरूनच कळत होतं. मी आधी तेच घेतलं. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लसीमुळे मेंदूला इजा झाली असं मानलेले १४ रुग्ण तपासले, त्यांपैकी ११ जणांत याच जीनमध्ये बदल निघाला. लसीनंतरच्या तापाने पहिली आकडी लवकर आली असेल. आजार आधीपासून होता.

मग वडिलांकडे वळले. “आमच्या घराण्यात कुणालाच नाही हो मॅडम,” ते म्हणाले.

आजी जरा थांबून म्हणाल्या, “तुला यायची की रे. तापात. शाळेत जायला लागलास आणि बंद झाली. कशाला सांगायचं सगळ्यांना?”

वडिलांना हे खरंच ठाऊक नव्हतं. आईने सासूकडे पाहिलंही नाही. तिने मला सरळ विचारलं, “दुसरं मूल?”

याच प्रश्नासाठी ते १७ रीड्स महत्त्वाचे होते. बदल फक्त मुलीत असता तर पुढच्या बाळाचा धोका अगदी कमी, शून्य नव्हे, असं मी सांगितलं असतं. मोझेइक वडिलांच्या बाबतीत तो पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि रक्तातल्या प्रमाणावरून शुक्रपेशींचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून वीर्याचं सॅम्पल तपासलं. साधारण पाचांतल्या एका शुक्रपेशीत बदल होता. गर्भारपणाच्या अकराव्या आठवड्यानंतर वारेचा नमुना घेऊन तपासता येतं, तेही समजावलं. काय करायचं हे त्यांचं त्यांनी ठरवायचं.

मुलीचं कार्बामाझेपिन न्यूरॉलॉजिस्टनी हळूहळू बंद करून व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम ही फिटची दुसरी औषधं दिली. झटके थांबले नाहीत, पण लांबलचक आकडीसाठी अतिदक्षता विभागात धावण्याची वेळ पूर्वीपेक्षा खूप कमी येते. आमच्या प्रयोगशाळेत आता मुलात सापडलेला बदल आई-वडिलांत शोधताना सॉफ्टवेअरची ती चाळणी बंद ठेवतात, आणि ती जागा कुणीतरी माणसाने पाहिल्याशिवाय अहवाल सहीला येत नाही.