ऱ्होड्स टाका शिकताना

कॅनव्हासवरच्या, म्हणजे छिद्रांच्या जाळीदार कापडावर लोकरीने करायच्या भरतकामात मी बराच काळ साध्या तिरक्या टाक्याच्या पुढे गेले नव्हते. तो टाका कापड छान झाकतो, पण त्याला उठाव नसतो. उठाव हवा म्हणून मी ऱ्होड्स टाका शिकायला घेतला. ब्रिटिश भरतकामतज्ज्ञ मेरी ऱ्होड्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या टाक्याने मधोमध उंच आणि कडांकडे उतरता, बसक्या पिरॅमिडसारखा चौकोन तयार होतो. त्यावरून हात फिरवला तर प्रत्येक चौकोन बोटांना वेगळा लागतो.

चौकोन कॅनव्हासच्या ६ धाग्यांचा धरावा. डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या छिद्रातून सुई वर काढायची आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात खाली घालायची. दुसरा टाका खालच्या कडेवर एक छिद्र उजवीकडे सरकून निघतो आणि वरच्या कडेवर एक छिद्र डावीकडे सरकून उतरतो. सातव्या टाक्याला खालची कड संपते. तिथून सुई उजव्या कडेने एकेक छिद्र वर चढते आणि डाव्या कडेने एकेक छिद्र खाली उतरते. प्रत्येक टाका मध्यावरूनच जातो आणि १२ टाक्यांत कडेची २४ छिद्रे भरतात.

माझी पहिली चूक मोजण्यातच झाली. ६ धाग्यांच्या कडेवर ७ छिद्रे असतात. मी ६ छिद्रे मोजली, त्यामुळे काही चौकोन ५ धाग्यांचे झाले आणि शेजारच्या चौकोनांशी त्यांचा मेळ बसेना. दोन ओळी उसवाव्या लागल्या. तेव्हापासून मी छिद्रे मोजतच नाही, सुईच्या टोकाने धागे मोजते.

दुसरी गोष्ट दिशेची, आणि माझ्या मते या टाक्याचे सगळे सौंदर्य तिच्यावरच उभे आहे. बारावा टाका सर्वांत वर राहतो आणि त्याच्या कलावरून लोकरीवर उजेड कसा पडेल हे ठरते. एका चौकोनात मी नकळत उलट्या दिशेने गेले होते. रंग तोच, लोकर तीच, तरीही खिडकीजवळ काम धरल्यावर तेवढाच चौकोन डाग पडल्यासारखा दिसला.

शेजारचे चौकोन कडेची छिद्रे वाटून घेतात. सुई रिकाम्या छिद्रातून वर काढावी आणि भरलेल्या छिद्रात खाली घालावी, म्हणजे आधीच्या लोकरीचे तंतू वर ओढले जात नाहीत. वर सांगितलेल्या क्रमाने टाका घालताना हे साधायचे, तर काम डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली न्यावे लागते. हे लक्षात आल्यावर माझ्या चौकोनांच्या कडा एकदम स्वच्छ दिसू लागल्या.

लोकर मात्र भरपूर लागते, कारण मागच्या बाजूलाही तितकेच लांब टाके पडतात. मी सुमारे ४५ सेंटिमीटरचाच तुकडा घेते. त्याहून लांब घेतला तर पुन्हापुन्हा ओढला जाऊन तो झिजतो. सुई बोथट टोकाची हवी. ताण सारखा ठेवावा, पण शेवटचे चार-पाच टाके आधीच्या थरांवरून चढतात, तेव्हा हात थोडा सैल सोडावा, नाहीतर मधला उंचवटा दबतो. इंचाला १३ छिद्रे असलेल्या कॅनव्हासवर हा चौकोन जेमतेम १.२ सेंटिमीटरचा होतो. त्याहून मोठा चौकोन केला तर वरची लोकर सैल राहते आणि कशातही अडकते, म्हणून मोठे चौकोन मी फक्त भिंतीवर लावायच्या कामात घेते.