एव्हियांच्या टेकडीवरचं हॉटेल

लोझानच्या धक्क्यावरून सुटलेली बोट अर्ध्या-पाऊण तासात सरोवर ओलांडते आणि आपण स्वित्झर्लंडमधून फ्रान्समध्ये, एव्हियांला उतरतो. बाटलीबंद पाण्यामुळे या गावाचं नाव जगभर पोहोचलंय. मी गेले होते ते टेकडीवरचं रॉयाल हॉटेल बघायला.

६ ते १५ जुलै १९३८ या दिवसांत इथे ३२ देशांचे प्रतिनिधी जमले होते. हिटलरने मार्चमध्येच ऑस्ट्रिया गिळला होता. तिथले आणि जर्मनीतले ज्यू जीव मुठीत धरून बाहेर पडायला बघत होते. त्यांना घेणार कोण, हे ठरवायला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ही परिषद बोलावली होती.

टेकडी पायीच चढले. वर शुभ्र भिंती, राखलेली हिरवळ, खाली निळंशार पाणी. इतक्या सुंदर जागी बसून एवढा मोठा नकार कसा देता आला असेल, हे काही केल्या मनातून जाईना. नकारही कसा, तर बहुतेक वेळा हळहळत दिलेला. एकेक प्रतिनिधी उठला, सहानुभूती व्यक्त केली, आपल्या देशाची अडचण सांगितली आणि बसला. फ्रान्सच्या मते त्यांचा देश निर्वासितांनी संपृक्त झाला होता. ऑस्ट्रेलियाचे टी. डब्ल्यू. व्हाइट तर म्हणाले की आमच्याकडे वंशाचा प्रश्न नाही आणि तो आयात करायची इच्छाही नाही. पुढे इस्रायलच्या पंतप्रधान झालेल्या गोल्डा मेयर तेव्हा पॅलेस्टाइनमधून निरीक्षक म्हणून आल्या होत्या. त्यांना बोलायचा अधिकार नव्हता. ज्यांच्या जिवाचा प्रश्न, त्यांनी फक्त ऐकायचं! डॉमिनिकन रिपब्लिकने तेवढी एक लाखापर्यंत माणसं घ्यायची तयारी दाखवली, पण तिथे पोहोचली काहीशेच. चार महिन्यांनी जर्मनीत सिनेगॉग, ज्यूंची प्रार्थनास्थळं, जळत होती.

परतताना बोटीच्या डेकवर बसले आणि आणखी एक बोट आठवली. ऑगस्ट १९४२ मध्ये स्वित्झर्लंडने सीमा बंद केली, तेव्हा मंत्री एडुआर्ड फॉन श्टायगर यांनी आपल्या देशाला आधीच भरलेल्या लहानशा जीवरक्षक नावेची उपमा दिली होती. दार बंद व्हायच्या आधी भाषा बदलते, असं मला वाटतं. माणसं दिसेनाशी होतात आणि पाणी वाहू लागतं: पूर, लाट, लोंढा. लोंढ्याला कुणी घरात घेत नाही, त्याला बांधच घालतात.

त्याच स्वित्झर्लंडमध्ये सेंट गालेनचे पोलीसप्रमुख पाउल ग्रुनिंगर होते. त्याआधी, १९३८-३९ मध्ये, कागदांवर प्रवेशाच्या मागच्या तारखा टाकून त्यांनी शेकडो ज्यूंना आत घेतलं. नोकरी गेली, १९४० मध्ये दोषी ठरले, १९७२ मध्ये वारले. न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवायला १९९५ उजाडलं. त्यांच्यासमोर उभं होतं ते एकेक माणूस होतं, लोंढा नव्हता.

एव्हियां पुरतं वायाही गेलं नाही. जुलै १९७९ मध्ये जिनिव्हात व्हिएतनाममधून होड्यांतून पळालेल्यांसाठी बैठक भरली, तेव्हा अमेरिकेचे उपाध्यक्ष मॉन्डेल यांनी जमलेल्या देशांना एव्हियांचीच आठवण करून दिली. त्या बैठकीत पुनर्वसनाच्या जागा १,२५,००० वरून २,६०,००० वर गेल्या.

आणि मार्च २०२२. युरोपीय संघाने २००१ पासून नुसता कागदावर असलेला तात्पुरत्या संरक्षणाचा नियम युक्रेनमधून आलेल्यांसाठी पहिल्यांदाच लागू केला. राहायची, काम करायची, मुलांना शाळेत घालायची सोय झाली. फार बरं वाटलं होतं तेव्हा. पण टीव्हीवर काही वार्ताहर 'ही तर आपल्यासारखीच माणसं' म्हणत होते, ते अजून टोचतं. २०१५ मध्ये सीरियातून आलेल्यांसाठी तो नियम कुणी बाहेर काढला नव्हता.

रात्री लोझानला खोलीवर पोहोचल्यावर २०१५ सालचा माझाच एक लेख उघडला. त्यात 'निर्वासितांचे लोंढे' दोन ठिकाणी होते. दोन्ही ठिकाणी 'माणसं' लिहिलं.