वीक हँडलर आणि आयआरमधलं लिंकेज : माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपसाठी कंट्रोल बोर्ड करणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास येते : कोड कंपाईल होतो, लिंक होतो, एरर एकही नाही, पण इंटरप्ट आला की बोर्ड गप्प. अशा वेळी मी सी फाइल नंतर उघडतो. आधी क्लँग या कंपायलरला ‘-एस -एमिट-एलएलव्हीएम’ देऊन आयआर, म्हणजे सी आणि मशीन कोड यांच्यामधलं रूप, काढतो आणि ‘डिफाइन’नंतर कुठला शब्द आहे ते बघतो. तो शब्द म्हणजे लिंकेज, ते नाव बाहेरच्या फाइलींना कसं दिसेल हे सांगणारं. काहीच नसेल तर लिंकेज एक्स्टर्नल. सीमधलं स्टॅटिक तिथे ‘इंटर्नल’ होऊन येतं. ‘प्रायव्हेट’ मात्र ऑब्जेक्टच्या सिंबल टेबलातही उतरत नाही.

तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा ‘वीक’मध्ये असतं, म्हणजे त्याच नावाची पक्की व्याख्या मिळाली तर बाजूला होणाऱ्या व्याख्येत. स्टार्टअप फाइलमधले डीफॉल्ट हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारी फंक्शन्स) वीक असतात आणि नुसते लूपमध्ये फिरत राहतात. आपला खरा हँडलर स्टॅटिक लायब्ररीत असला, तर लिंकर तिथे जातो तो न सापडलेल्या नावांसाठीच. वीक का असेना, व्याख्या हाताशी आहे, मग लायब्ररी कशाला उघडेल? ती ऑब्जेक्ट फाइल लिंकरला थेट द्या, नाहीतर अख्खी लायब्ररी ओढून घेणारा ‘होल-आर्काइव्ह’ पर्याय लावा. सीप्लसप्लसमध्ये ‘एक्स्टर्न सी’ राहून गेलं तरी हाच प्रकार, कारण नावच बदलतं. शेवटच्या ईएलएफवर (लिंक होऊन तयार झालेल्या फाइलीवर) नावांची यादी देणारं एनएम चालवा : हँडलरपुढे ‘टी’ऐवजी ‘डब्ल्यू’ दिसला, तर डीफॉल्टच बसलाय.

आयआरमधलं आणखी एक लिंकेज, ‘लिंकवन्स’, वापरात नसेल तर टाकून दिलं जातं, ‘वीक’ राहतं. ‘ओडीआर’ (वन डेफिनिशन रूल) जोडलेलं असेल तर सगळ्या व्याख्या सारख्याच आहेत असं कंपायलर धरून चालतो आणि बिनधास्त इनलाइन करतो. म्हणून हेडरमधलं इनलाइन फंक्शन दोन फाइलींत वेगवेगळ्या मॅक्रोंनी कंपाईल झालं, की त्यातलं एकच टिकतं, आणि कोणी तक्रारही करत नाही. हे शोधायला फार त्रासाचं.

ऑप्टिमायझेशन चालू असताना (‘ओ-टू’ला) चालतं आणि बंद असताना (‘ओ-झिरो’ला) ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतो? सी९९चं साधं ‘इनलाइन’ असणार. ते ‘अव्हेलेबल एक्स्टर्नली’ होतं, म्हणजे ऑप्टिमायझरला बघायला मिळतं, ऑब्जेक्टमध्ये उतरत नाही. ‘स्टॅटिक इनलाइन’ करा. ‘एक्स्टर्न वीक’ फंक्शन सापडलं नाही तर पत्ता शून्य येतो, तेव्हा कॉल करण्याआधी तपासा.

जुना कोड नव्या कंपायलरवर आणला की ‘मल्टिपल डेफिनिशन’ची रांग लागते. हेडरमधली ‘एक्स्टर्न’ नसलेली ग्लोबल व्हेरिएबल पूर्वी ‘कॉमन’ व्हायची, म्हणजे त्याच नावाच्या सगळ्या लिंकर एकत्र करायचा. २०२० मध्ये जीसीसी १० आणि क्लँग ११ ने ते डीफॉल्ट बंद केलं. ‘-एफकॉमन’ने तात्पुरतं भागतं, खरं म्हणजे हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ लिहून व्याख्या एकाच फाइलीत ठेवा.